पुलाखाली मावेल का?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डरहॅम शहरात, साउथ ग्रेगसन रस्त्यावर एक जुना रेल्वेपूल आहे. त्याच्याखाली मोकळी जागा होती ११ फूट ८ इंच. उंचीच्या पाट्या बऱ्याच अलीकडून लावलेल्या, पिवळे दिवे लुकलुकणारे, आणि धडक पुलाला न बसता आधीच अडावी म्हणून पुढे एक जाडजूड पोलादी तुळई बसवलेली. तरी उंच गाड्या येतच राहिल्या आणि त्या तुळईखाली त्यांची टपं सोलून निघत राहिली. लोकांनी पुलाला ‘कॅन ओपनर’ असं नाव ठेवलं. शेजारच्या इमारतीतून २००८ पासून त्याच्यावर कॅमेरा रोखलेला आहे आणि शंभराहून जास्त टकरा त्यात टिपल्या गेल्या आहेत. २०१६ मध्ये सेन्सर आला: गाडी उंच असली की सिग्नल लाल होतो आणि ‘वळा’ अशी पाटी उजळते. रस्ता खणून खाली न्यावा, तर खालून मैलापाण्याची मुख्य वाहिनी जाते. अखेर २०१९ मध्ये पूलच आठ इंच वर उचलला. आता जागा १२ फूट ४ इंच आहे. वर्ष संपायच्या आत पुढची गाडी घासलीच.

त्या चित्रफितींत भाड्याचे ट्रक जास्त दिसतात, पण मोटरहोमही आहेत. मोटरहोम पुलाखालून गेलेली असते आणि तिच्या टपावरचा एसी मागे रस्त्यावर पडलेला असतो. या चालकाला विचारा, तो वाट चुकलेला नसतो. आपण कुठे आहोत, पुढचं वळण किती अंतरावर आहे, हे सगळं त्याच्या फोनला ठाऊक असतं. फोनला ठाऊक नसते ती एकच गोष्ट, की आज हा माणूस आपली नेहमीची मोटार चालवत नाही.

मोटरहोमसाठी जीपीएस निवडताना सगळा विचार इथून सुरू करायला हवा. साध्या मोटारीला कुठून जायचं ते सांगणारा वाटाड्या पुरतो. मोटरहोमला कुठून जायचं नाही हे सांगणारा लागतो. दुकानात मांडलेल्या डब्यांवर मात्र या दुसऱ्या गोष्टीची जाहिरात लहान अक्षरांत असते आणि स्क्रीनच्या आकाराची मोठ्या.

मोटरहोम म्हणजे अमेरिकेतल्या बोलीत आरव्ही. तिचे ढोबळ तीन वर्ग मानतात. ‘बी’ म्हणजे व्हॅनच्या आत थाटलेला संसार, उंची नऊ-दहा फुटांच्या आसपास. ‘सी’ म्हणजे चालकाच्या डोक्यावर पलंग असलेली ट्रकछाप गाडी, साधारण दहा ते बारा फूट. आणि ‘ए’ म्हणजे अख्खी बस. बारा-तेरा फूट उंच आणि पंचेचाळीस फुटांपर्यंत लांब. या बसच्या मागे पुष्कळदा एक छोटी मोटार चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढत नेतात, मुक्कामाला पोचल्यावर गावात फिरायला. अशी जोडी काही फुटांच्या पलीकडे रिव्हर्स घेता येत नाही. पुढची चाकं हवी तशी वळून बसतात आणि ओढणीचा दांडा मोडतो. म्हणजे चुकीच्या रस्त्याला लागलात, समोर ठेंगणा पूल आला, तर भर रस्त्यात खाली उतरून मोटार सोडवायची, ती बाजूला घ्यायची, मग बस मागे घ्यायची आणि मागे अडकलेल्यांचे हॉर्न ऐकायचे. ‘रस्ता पुन्हा शोधत आहे’ असं यंत्र गोड आवाजात म्हणतं, तेव्हा त्याचा या गाडीला काही उपयोग नसतो. वळण्याच्या आधी सांगितलं तरच ते सांगणं.

एक गैरसमज आधी दूर करू. जीपीएसला पूल दिसत नाही. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह फक्त वेळ आणि आपापलं स्थान प्रक्षेपित करतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की यंत्र त्यावरून आपली जागा काढतं. नागरी वापराच्या संकेतात अमेरिकी सरकार मुद्दाम मिसळत असलेली चूक मे २००० मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून साध्या यंत्रालाही काही मीटरांच्या आत आपली जागा कळते. तुमच्या खिशातल्या फोनला कळते, महागड्या यंत्रालाही कळते. त्यामुळे उपग्रहांच्या संख्येवर आणि अचूकतेच्या बढायांवर पैसे मोजण्यात अर्थ नाही. पैसे मोजायचे ते नकाशाच्या मागे दडलेल्या तक्त्यासाठी.

हा तक्ता समजून घेण्याजोगा आहे. १९५६ मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा हा डच तरुण होणाऱ्या बायकोबरोबर ॲम्स्टरडॅममध्ये खरेदीला गेला होता. दमून दोघं एका कॅफेत बसले आणि रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सर्वांत जवळचा रस्ता कसा शोधावा, याची रीत त्याने कागद-पेन्सिलीशिवाय वीसेक मिनिटांत मनातच जुळवली. १९५९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आजची वाटाडी यंत्रं त्याच कुळातल्या रीती वापरतात. चौक म्हणजे ठिपके, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे एक रेघ, आणि प्रत्येक रेघेला एक किंमत: किती मिनिटं किंवा किती मैल. बेरीज सर्वांत कमी भरेल ती वाट.

मोटरहोमच्या यंत्रात यात एका पायरीची भर पडते. सुरुवातीला तुम्ही गाडीची उंची, लांबी, रुंदी, वजन आणि गॅसची टाकी आहे की नाही हे भरता. यंत्र प्रत्येक रेघेपुढची नोंद बघतं: इथे पूल ११ फुटांचा, गाडी १२ ची, ही रेघ पुसा. इथे पाच टनांची मर्यादा, गाडी सातची, हीही पुसा. उरलेल्या रेघांमधून डाइक्स्ट्राच्या पद्धतीने वाट काढतं.

पण नोंदच नसेल तर? एखाद्या गावातला पूल कोणी मोजलाच नसेल किंवा मोजलेला आकडा नकाशा कंपनीपर्यंत पोचलाच नसेल, तर तो रकाना रिकामा असतो. आणि रिकामा रकाना यंत्र ‘माहीत नाही’ असा वाचत नाही, ‘हरकत नाही’ असा वाचतं. तसं वाचलं नाही तर चालणारही नाही, कारण जगातल्या बहुतेक रस्त्यांवर पूलच नाही आणि तिथला रकानाही रिकामाच आहे. महागड्या यंत्राची आणि स्वस्त ॲपची खरी स्पर्धा असे किती रकाने भरलेले आहेत यावर चालते. पुष्कळ भरलेला तक्ताही पूर्ण कधीच नसतो.

अमेरिकेत हा तक्ता बराच भरलेला आहे, त्याला एक दुर्घटनाही कारण आहे. १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज संध्याकाळच्या गर्दीत कोसळला आणि ४६ माणसं गेली. त्यानंतर देशभरच्या पुलांची नियमित तपासणी आणि नोंद कायद्याने सुरू झाली. आज त्या राष्ट्रीय नोंदवहीत सहा लाखांहून अधिक पूल आहेत आणि पुलाखालच्या मोकळ्या उंचीचाही रकाना तिच्यात आहे. पण ही वही मुख्यतः सार्वजनिक रस्ता वाहून नेणाऱ्या पुलांची. गावातल्या रस्त्यावरून आडवे जाणारे रेल्वेचे पूल, म्हणजे डरहॅमसारखे, तिच्यात सापडतीलच असं नाही. पेट्रोल पंपाचं छप्पर, रेस्टॉरंटच्या ड्राइव्ह-थ्रूची कमान, कॅम्पग्राउंडच्या वाटेवर लोंबलेली ओकची फांदी यांची नोंद ठेवायला तर कोणीच बांधील नाही. गाडीचं टप मात्र फांदीनेही फाटतं.

गॅसच्या टाकीचा रकाना पहिल्यांदा बघणाऱ्याला चमत्कारिक वाटतो. आरव्हीत शेगडी, फ्रिज आणि हीटरसाठी प्रोपेन असतो आणि काही बोगद्यांना तो चालत नाही. बाल्टिमोरमध्ये बंदराखालून जाणारे दोन बोगदे आहेत, हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेल. टाकीत दहा पौंडांपेक्षा जास्त प्रोपेन मावत असेल, तर दोन्हीकडे मनाई आहे, म्हणजे बहुतेक मोटरहोमना मनाईच. कित्येक वर्षं अशा गाड्या त्याऐवजी फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. २६ मार्च २०२४ च्या पहाटे ‘डाली’ नावाचं कंटेनर जहाज त्या पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल पाण्यात गेला. त्या दिवसापासून गॅसवाल्या गाडीला शहराला पश्चिमेकडून मोठा वळसा पडतो. आता विचार करा, २०२३ चा नकाशा असलेलं यंत्र गाडीत असेल तर ते काय सांगेल? बोगदा टाळा, एवढं बरोबर सांगेल, आणि पुढे नसलेल्या पुलाकडे नेईल.

म्हणून ‘आयुष्यभर मोफत नकाशे’ या वाक्यातलं आयुष्य कोणाचं हे वाचून घ्या. ते तुमचं नसतं, यंत्राचं असतं. कंपनी त्या मॉडेलसाठी नकाशे पुरवते आहे तोवर. जुन्या मॉडेलला पुढे नव्या नकाशाएवढी जागाच उरत नाही, असंही होतं. अपडेट काही जीबींचा असतो आणि कॅम्पग्राउंडचं वायफाय साधारणपणे रडतखडत चालतं. निघायच्या आठवडाभर आधी घरी बसून ते काम उरकावं.

उंचीखालोखाल लोक विसरतात ती लांबी-रुंदी. माँटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन नावाचा अप्रतिम घाटरस्ता आहे. त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद गाडीला प्रवेश नाही. यूटातल्या झायन पार्कचा डोंगरातला बोगदा १९३० चा, तेव्हाच्या मोटारींच्या मापाचा. ११ फूट ४ इंच किंवा त्याहून उंच, अथवा ७ फूट १० इंच किंवा त्याहून रुंद गाडी आली की परवाना घेऊन, समोरची वाहतूक थांबवून, तिला मधोमध काढावं लागायचं. २०२६ पासून तर मोठ्या गाड्यांना तो रस्ता बंदच करण्याचं पार्क सेवेने ठरवलं. कनेटिकटचा मेरिट पार्कवे सुंदर कमानींसाठी नावाजलेला आहे आणि तिथे ८ फुटांहून उंच वाहन चालत नाही. न्यूयॉर्कच्या आसपास अशा पार्कवेंचं जाळंच आहे. साध्या नकाशात हे सगळे नुसते छान, मोकळे, वेगवान रस्ते दिसतात.

‘मग सरळ ट्रकवाल्यांचं यंत्र घेतो’ असं कोणी म्हणतं. ते नको. ट्रकना कायद्याने बंदी असलेले पुष्कळ रस्ते मोटरहोमला खुले असतात. ट्रकचं यंत्र ते सगळे टाळतं आणि तुम्हाला गोदामांच्या वस्तीतून फिरवून आणतं. उलट मैलापाणी रिकामं करायची जागा कुठे, प्रोपेन कुठे भरून मिळेल, कॅम्पग्राउंडमध्ये चाळीस फुटी गाडी उभी राहील का, हे त्याला विचारून उपयोग नाही. गार्मिनची अमेरिकेत आरव्ही आणि युरोपात कॅम्पर या नावाने निघणारी यंत्रं, टॉमटॉमचं गो कॅम्पर, रँड मॅकनॅलीचे आरव्ही टॅबलेट ही याच गरजेतून निघालेली. अमेरिकेत किमती साधारण ४०० डॉलरपासून सुरू होतात. दहा इंची स्क्रीनला त्याच्या जवळपास दुप्पट.

दहा इंच घ्यावा का? बसच्या वर्गातल्या गाडीत पुढची काच चालकापासून हातभर लांब, उभी आणि सपाट असते. तिथे रबरी कपाने काचेला चिकटवलेलं यंत्र वाचताही येत नाही आणि बोटही पोचत नाही. डॅशबोर्डवर वजनदार बैठक ठेवून मोठी स्क्रीन लावणं बरं. व्हॅनमध्ये उलट आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात काचेवर जीपीएस लावायला चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंचांचा आणि पलीकडच्या खालच्या कोपऱ्यात सात इंचांचा चौकोन सोडला आहे, त्याबाहेर नाही. दहा इंची यंत्र तिथे काचेवर बसतच नाही. माझं मत विचाराल तर सात किंवा आठ इंच बहुतेकांना पुरे. राहिलेले पैसे डिझेलला.

फोनचं काय? गूगल मॅप्समध्ये गाडीची उंची भरायची सोय नाही, आणि डरहॅमच्या पुलाखाली हाच मुद्दा असतो. उंची विचारणारी ॲप वेगळी आहेत: साय्जिक, कोपायलट, आरव्ही लाइफ. त्यांची वर्गणी यंत्राहून स्वस्त पडते. ज्याच्याकडे जुना टॅबलेट पडून आहे त्याने आधी हीच वापरून बघावीत. त्यांच्या मर्यादा दोन. नेव्हाडाच्या उन्हात काचेमागचा फोन तापून स्वतःच बंद पडतो. दुसरं, डोंगरात नेटवर्क जातं; जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा लागतो, आणि तो आधी उतरवून ठेवलेला नसेल तर कोऱ्या पानावर निळा ठिपका तेवढा उरतो. डेथ व्हॅलीच्या पार्क सेवेने तर तिथे जीपीएसवर विसंबू नका असं प्रवाशांना स्पष्ट बजावलं आहे. तिथल्या पडीक खाणरस्त्यांना काही नकाशे अजून रस्ते समजतात.

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचं उपकरण: मोजपट्टी. गाडीच्या कागदावर लिहिलेली उंची खरी धरू नका. ती कारखान्यातून निघतानाची असते. नंतर मालकाने टपावर दुसरा एसी, डिश, सौरपट्ट्या काय काय चढवलेलं असतं. गाडी सपाट जागी उभी करा, टायरमध्ये हवा नेहमीइतकी ठेवा. टपावरच्या सर्वांत उंच वस्तूवर एक सरळ लांब फळी आडवी ठेवा, ती गाडीच्या बाहेर येऊ द्या, पाणसळ लावून बघा, आणि फळीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप सोडा. आलेल्या आकड्यात तीन-चार इंच मिळवून तो यंत्रात भरा. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की पुलाखालची जागा तेवढी कमी होते आणि पाटी जुनीच राहते. रस्ता पुलाखाली खोलगट असेल तर लांब गाडीची पुढची-मागची चाकं चढावर आणि मधलं टप अपेक्षेपेक्षा वर, असं होतं. हा आकडा कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा, फुटांतही आणि मीटरमध्येही. सीमा ओलांडून कॅनडात बॅन्फकडे निघालात की पाट्या मीटरच्या होतात. १२ फूट ४ इंच म्हणजे ३.७६ मीटर हा हिशेब पुलाच्या अलीकडे शंभर पावलांवर करायचा नसतो.

युरोपात उंचीइतकाच वजनाचा काटा महत्त्वाचा. साडेतीन टनांच्या रेषेवर परवाना बदलतो, टोल बदलतो. ऑस्ट्रियात तिच्या खाली असाल तर काचेवरचा पास चालतो, वर गेलात की किलोमीटरवर पैसे मोजणारी पेटी बसवावी लागते. तिकडे यंत्र घेताना ही रेषा त्याला कळते का हे विचारा.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची गाठ आरव्हीशी पडते ती भाड्याने. उन्हाळ्यात आई-बाबा न्यू जर्सीला लेकीकडे आलेले, सुट्टीत नातवंडं, आणि जावईबापू म्हणतात, आठ दिवस गाडी घेऊ, यलोस्टोन करू, हॉटेलच्या खाण्याची कटकट नको. अशा एकदाच्या प्रवासासाठी यंत्र विकत घेऊ नये असं मी म्हणेन. उंची विचारणारं ॲप महिन्याभराच्या वर्गणीवर घ्या, गाडी ताब्यात घेताना चालकाच्या डोक्यावरच्या सावलीपट्टीवर लिहिलेला उंचीचा आकडा वाचा, नसेल तर काउंटरवर विचारून घ्या. आणि रँड मॅकनॅलीचा ट्रकचालकांसाठीचा छापील ॲटलस बरोबर असू द्या. त्यात राज्यवार ठेंगण्या पुलांची यादीच दिलेली असते. बाबांना पुढच्या सीटवर बसवून ती वाचायचं काम द्या. भाडेकरारात टपाच्या नुकसानीचं कलमही नीट वाचा. अनेक करारांत विमा घेतला तरी टप त्यात बसत नाही.

ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी यंत्र घेतल्यावर परतीची मुदत संपायच्या आत एक परीक्षा घ्यावी. बऱ्याच यंत्रांत जागा बदलून सराव करायची सोय असते. यंत्राला सांगा की आपण बॉस्टनमध्ये आहोत. तिथे चार्ल्स नदीच्या काठाने स्टॉरो ड्राइव्ह जातो, १९५१ चा रस्ता, फक्त मोटारींसाठी, वरचे पूल दहा फुटांच्या आसपासचे. दर १ सप्टेंबरला विद्यार्थ्यांचे भाडेकरार बदलतात आणि सामानाचे ट्रक त्याच पुलांखाली अडकतात. आधी साध्या मोटारीचा पर्याय निवडून नदीकाठचा प्रवास विचारा. यंत्राने स्टॉरोवरून नेलं पाहिजे. मग उंची बारा फूट भरा आणि तोच प्रवास पुन्हा विचारा. वाट बदलली नाही, तर यंत्र खोक्यात घाला आणि पावतीसकट दुकानात परत द्या.